मुंग्यांच्या वाटेवरचं प्रयाग

माझी भाची गेल्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला गेली. जाताना बॅगेत कांदा-लसूण चटणी होती आणि कोल्हापूरच्या शाहूपुरीतून घेतलेली गुळाची एक ढेप. महिनाभरानं तिचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, हे बघा की!" स्विचबोर्डाच्या फटीतून बारीक पिवळट मुंग्यांची रांग निघाली होती, ओट्यावरून थेट गुळाच्या डब्यात. आठवड्यापूर्वी स्प्रे मारून तिनं ही रांग साफ केली होती. आता रांगा तीन झाल्या होत्या.

हे ऐकून इथं शेजारच्या काकूंनी निकाल दिला : काळ्या मुंग्या आल्या तर लक्ष्मी येते, लाल आल्या तर कर्ज होतं. पिवळ्यांचं काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुंग्या गुळाला येतात हो, त्यांना आपली खातेवही वाचता येत नाही. जावईबापूंनी ऑनलाइन मागवलेलं 'अल्ट्रासोनिक' यंत्रही त्याच पंक्तीतलं. हवेतून येणारा आवाज ऐकायला मुंगीला कानच नाहीत, तिला कळतात ती पायाखालची कंपनं.

व्हिडिओवरून तरी त्या फेरो मुंग्या वाटल्या, शास्त्रीय नाव मोनोमोरियम फेराओनिस. कामकरी मुंगी जेमतेम २ मिलिमीटरची. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ मध्ये हिला नाव दिलं. माणसाच्या सामानातून ही जगभर पसरली. थंड देशांत ती ऊबदार इमारतींच्या आश्रयानं राहते. सिंगापूर तर विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत, तिथं बारमाही उकाडा. आपल्याकडं थंडीत मुंग्या जरा दम तरी खातात.

रांग म्हणजे वासाची रेघ, हे आपण शाळेत शिकलो. खाणं सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत फेरोमोन सोडते, बाकीच्या त्या वासावर येतात आणि वास आणखी गडद करतात. ओट्यावरच्या रांगेत ओलं बोट आडवं फिरवा, मुंग्या तिथं येऊन कशा गोंधळतात ते दिसेल.

पण वासाच्या रेघेवर बाण नसतो. रांगेतून बाजूला ढकलली गेलेली मुंगी पुन्हा वाटेवर आली, तर वारूळ डावीकडं की उजवीकडं हे तिला कसं कळतं? वास तर दोन्हीकडं सारखाच.

याचं उत्तर २००४ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं, आणि ते याच फेरो मुंगीवर. मला ते इतकं आवडतं की वाचकांनी थोडी भूमिती सोसावी. घराकडून निघालेली वाट जिथं फुटते तिथं दोन फाट्यांमधला कोन साधारण ५० ते ६० अंशांचा असतो. आता आपलं कोल्हापूरजवळचं प्रयाग चिखली आठवा, जिथं नद्या मिळून पंचगंगा होते. नद्या एकमेकींना मिळतात तेव्हा त्यांच्यातल्या लघुकोनाचं टोक सहसा पाणी वाहतं त्या बाजूला असतं. धार दिसत नसली तरी नकाशावर तो काटा बघून पाणी कुठं चाललंय ते सांगता येतं. मुंगीच्या नकाशात वारूळ म्हणजे खालची पंचगंगा.

कोन ६० अंश धरू. घरातून बाहेर निघालेली मुंगी फाट्यावर आली की तिच्यापुढं दोन वाटा, दोन्हींकडं वळायला ३० अंशच. उलट घरी परतणाऱ्या मुंगीला एक वाट ३० अंशांवर मिळते आणि दुसरी, म्हणजे शेजारचा फाटा, तब्बल १२० अंश मागं वळून. म्हणजे फाट्यावर किती वळावं लागतंय यावरूनच आपलं तोंड कुठं आहे ते समजतं. पोट भरलेली मुंगी चुकून बाहेर चालली असेल, तर फाट्यावर येऊन ती मागं फिरते. संशोधकांनी मुद्दाम १२० अंशांचे फाटे केले, तेव्हा तिन्ही बाजू सारख्या झाल्या आणि मुंग्यांना काही उमगेना. त्याच गटानं पुढच्या वर्षी दाखवलं की निरुपयोगी फाट्याच्या तोंडाशी या मुंग्या 'प्रवेश बंद'चा वेगळा वासही सोडतात.

आता भाचीच्या तीन रांगांचं. फेरो मुंग्यांच्या वसाहतीत राण्या अनेक असतात आणि त्यांचं मीलन घरट्यातच उरकतं, पंख लावून उडायची गरज नसते. वसाहतीला धक्का बसला की काही कामकरी मुंग्या अंडी-अळ्या आणि एखादी राणी घेऊन नवा संसार थाटतात. राणी नसली तरी अळ्यांतून नवी वाढवतात. स्प्रेनं रांगेतल्या शंभर मेल्या असतील, पण भिंतीतलं घर मात्र फुटून अनेक झालं.

म्हणून त्यांना मारायचं नाही, जेवू घालायचं. कामकरी मुंगी पातळ अन्न एका वेगळ्या पोटात साठवते आणि घरी जाऊन तोंडातोंडी वाटते. राणीचा घासही असाच येतो. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक ॲसिड (आपण कॅरम बोर्डावर टाकतो ती शुद्ध बोरिक पावडर) घालून कापसाचा बोळा भिजवायचा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा रांगेजवळ ठेवायचा. लोक इथं हमखास चमचाभर पावडर ओततात. मग मुंगी एकतर तोंड लावत नाही, नाहीतर घरी पोचायच्या आधीच मरते. विष मंद हवं. आणि मधल्या काळात रांग पुसायची नाही, स्प्रे तर मुळीच नाही. भाचीला हेच सगळ्यात जड गेलं. पहिले दोन दिवस बोळ्याभोवती मुंग्यांची जत्राच भरली आणि तिनं मला बरंच ऐकवलं.

तिसऱ्या आठवड्यात रांगा थांबल्या. गुळाची ढेप मात्र तिनं पहिल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाकली होती. आता ती फोडायला तिथं बत्ता कुठं मिळेल, असं विचारतेय.