घरातले थिएटर : खर्चाची सुरुवात खोलीपासून

घरी चित्रपट पाहणाऱ्यांची सर्वांत जुनी तक्रार अशी की, संवाद नीट कळत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगातले पार्श्वसंगीत आणि स्फोट अंगावर येतात. दुकानात यावर सुचवला जाणारा उपाय बहुधा अधिक वॅटचा आणि अधिक स्पीकरचा संच हा असतो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा संचात नसून खोलीत असतो. ज्यांना मर्यादित पैशांत घरच्या घरी थिएटर उभारायचे आहे, त्यांच्यासाठी ही चांगली बातमी आहे, कारण खोली सुधारण्याचे काम तुलनेने स्वस्त आहे आणि त्यातले बरेचसे स्वतःच्या हाताने करता येते.

उदाहरणासाठी १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच अशी फ्लॅटमधली एक नेहमीची बेडरूम घेऊ. जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल, भिंतींना पुट्टी आणि रंग, वर सिमेंटचा स्लॅब. असे गुळगुळीत, कडक पृष्ठभाग त्यांच्यावर आदळणाऱ्या ध्वनीपैकी जेमतेम दोन-तीन टक्के शोषतात आणि बाकीचा परत खोलीत फेकतात. त्यामुळे उच्चारलेले अक्षर विरण्यापूर्वीच पुढचे अक्षर त्यावर येऊन पडते. ‘क’, ‘त’, ‘स’ यांसारखी व्यंजने क्षीण आणि क्षणिक असतात, स्वर मात्र दणकट आणि लांबणारे. रेंगाळणाऱ्या स्वरांखाली व्यंजने बुडतात आणि वाक्य कानावर पडूनही अर्थ लागत नाही. आवाज वाढवला की रेंगाळणारा ध्वनीही तितकाच वाढतो, म्हणून रिमोटने हा प्रश्न सुटत नाही.

या रेंगाळण्याला निनाद म्हणतात आणि त्याचे मोजमाप पहिल्यांदा पद्धतशीरपणे केले ते वॉलेस क्लेमंट सेबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग कला संग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा आणि श्रोत्यांना काहीच कळायचे नाही. हा दोष दूर करण्याचे काम तरुण सेबाइनकडे आले. जवळच्या सँडर्स थिएटरमधील खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि ध्वनी ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ घड्याळावर मोजायचा, मग आणखी उशा मांडून पुन्हा मोजायचे, आणि सकाळी थिएटर उघडण्यापूर्वी सगळ्या उशा जागेवर पोचवायच्या, असे त्याचे प्रयोग चालत. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. उत्तर येते ते ध्वनीची तीव्रता दहा लाखांश होण्यास लागणाऱ्या सेकंदांचे. शोषण मोजण्यासाठी सेबाइनने एकक घेतले ते उघड्या खिडकीचे, कारण खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही.

आपल्या खोलीचे घनफळ सुमारे ३२ घनमीटर आहे आणि सर्व पृष्ठभाग मिळून साधारण ६१ चौरस मीटर भरतात. त्याचे तीन टक्के म्हणजे अवघ्या पावणेदोन-दोन चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतके शोषण. सूत्रात हे आकडे घातले की रिकाम्या खोलीचा निनादकाल पावणेतीन सेकंदांच्या आसपास येतो. चित्रपटाचे संवाद स्वच्छ ऐकू येण्यासाठी एवढ्या लहान खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आत, शक्यतो ०.४ सेकंदापर्यंत असावा, आणि त्यासाठी सुमारे १३ चौरस मीटर शोषण लागते. सोफा किंवा गादी, त्यावर बसलेली माणसे, भरपूर चुण्या घातलेले जाड पडदे आणि जमिनीवरची सतरंजी यांतून यातला मोठा वाटा फुकट किंवा फार थोड्या खर्चात मिळतो. उरलेल्यासाठी भिंतीवर लावायची ध्वनिशोषक पॅनेल घरीच करावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कृती सोपी आहे. ५० मिलिमीटर जाडीचा आणि घनमीटरला ४८ किलो घनतेचा रॉक वूलचा (दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा) स्लॅब इन्सुलेशनचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतो. त्याच्या मापाची, पण १०० मिलिमीटर खोल अशी पाइनच्या पट्ट्यांची चौकट सुताराकडून कापून घ्यावी. स्लॅब चौकटीत पुढच्या बाजूला बसवावा, म्हणजे मागे भिंतीपर्यंत ५० मिलिमीटर हवा राहते. त्यानंतर सगळ्यावर सुती कापड ताणून मागून स्टेपल मारावेत. कापड तोंडाशी धरून फुंकर मारून पाहावी. फुंकर आरपार गेली तर ध्वनीही आत जाईल, अडली तर ते कापड उपयोगाचे नाही. कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट आवश्यक आहे, कारण या तंतूंनी कातडीला आणि घशाला खाज सुटते.

मागे सोडलेल्या हवेच्या थराला भौतिकशास्त्रीय कारण आहे. शोषक पदार्थ ध्वनी गिळतो तो तंतूंमधून हलणाऱ्या हवेच्या घर्षणाने, आणि भिंतीला अगदी चिकटून हवा हलतच नाही. ती सर्वाधिक हलते ती भिंतीपासून तरंगलांबीच्या चतुर्थांश अंतरावर. म्हणूनच भिंतीवर चिकटवलेला पातळ फोम केवळ तार स्वरांचे शोषण करतो आणि खोली एकाच वेळी मंद आणि ढमढम करणारी होऊन बसते. अंड्यांच्या ट्रेचीही तीच गत. फोमबाबत आणखी एक गंभीर गोष्ट अशी की साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. वायरिंगने वेढलेल्या बंद खोलीत तो लावूच नये. रॉक वूल जळत नाही.

पॅनेल कोठे लावायचे हे आरसा सांगतो. एकाने नेहमीच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून कानाच्या उंचीवर आरसा सरकवत न्यावा. बसलेल्याला ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तेथूनच ध्वनीचे पहिले परावर्तन त्याच्या कानावर येते. छतासाठीही हीच युक्ती चालते. ही परावर्तने थेट ध्वनीनंतर काही सहस्रांश सेकंदांत पोचतात. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिले की इतक्या लवकर आलेला दुसरा ध्वनी आपल्याला वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही, मेंदू तो पहिल्यात मिसळून टाकतो. मात्र या मिसळण्याने आवाजाचा पोत बदलतो आणि आवाज नेमका पडद्यावर कोठून येतो आहे ही जाणीव पुसट होते. या दोन-चार जागा आधी झाकाव्यात, उरलेली पॅनेल मागच्या भिंतीवर जावीत.

खर्जाचे स्वर मात्र या पॅनेलना जुमानत नाहीत. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते, तेव्हा चतुर्थांश अंतराचा नियम पाळायचा तर पावणेदोन मीटर जागा सोडावी लागेल. शिवाय अशा लांब लहरी समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतात. भिंतींमधले अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके झाले की स्थिर तरंग तयार होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर आपल्या खोलीच्या लांबीमुळे ४७, रुंदीमुळे ५७ आणि उंचीमुळे ६० हर्ट्झच्या आसपास असे तरंग उभे राहतात. त्यांचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. म्हणून एकाच खोलीत मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याचा ऊर दणदणतो आणि मधोमध बसलेल्याला सबवूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, बंद आहे की काय अशी शंका येते. लांबी-रुंदी सारखी असलेल्या चौरस खोलीत दोन तरंग एकाच स्वरावर येऊन अवस्था आणखी बिकट होते, तेव्हा निवड करता येत असेल तर चौरस खोली टाळावी.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे. सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या जागेवर ठेवावा, खर्जाची एखादी संथ चाल असलेले संगीत लावावे आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीजवळ ठेवून ऐकत जावे. ज्या ठिकाणी प्रत्येक स्वर सारख्याच ताकदीने आणि स्वच्छ ऐकू येईल, तेथे सबवूफर कायमचा ठेवावा. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधला ध्वनिमार्ग बदलत नाही, या तत्त्वावर ही रीत उभी आहे. अनेक घरांत या एका सरकवण्याने पडणारा फरक संच बदलूनही पडत नाही.

आता स्पीकरकडे वळू. एकूण ६० हजार रुपये हाताशी असतील तर मी दहा हजार खोलीवर, निम्मी रक्कम ध्वनीवर आणि उरलेली चित्रावर लावीन, आणि ध्वनीच्या रकमेत पाच सुमार स्पीकर घेण्याऐवजी दोन चांगले घेईन. दोन स्पीकर आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण झाला आणि उच्च स्वरांचे ट्विटर कानाच्या उंचीवर आले, की संवाद पडद्याच्या मध्यातून आल्यासारखे ऐकू येतात. हा भास मध्यभागी बसणाऱ्यालाच नीट होतो, त्यामुळे घरात चार-पाच जण रांगेत बसणार असतील तर तिसरा, मधला स्पीकर आधी घ्यावा आणि मागचे पुढच्या वर्षी. खोक्यावरच्या पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीच्या, हजारो वॅटकडे लक्ष देऊ नये, कारण त्या आकड्यामागे कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, आणि स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीत तो किती मोठा वाजतो, हे पाहावे. वॅट दुप्पट केले तर वाढ होते केवळ ३ डेसिबलची, आणि आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट ८५ ऐवजी ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला तर अँप्लिफायर न बदलताच दुप्पट वॅटचा लाभ होतो.

सुतारकामाची आवड असणाऱ्यांनी सबवूफर स्वतः बांधावा. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खोके नसेल तर खर्जाच्या लांब लहरी कडेने वळसा घालून एकमेकींना पुसून टाकतात. खोके या दोघींना वेगळे ठेवते आणि त्याचे घनफळ किती असावे हे ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थील यांच्या १९६१ च्या शोधनिबंधामुळे आणि पुढे सिडनीत रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या कामामुळे गणिताने ठरवता येते. वूफरच्या माहितीपत्रकात छापलेले थील-स्मॉल आकडे मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरले की लिटरमध्ये उत्तर मिळते. १८ मिलिमीटर एमडीएफचे, सांधे फेव्हिकॉलने घट्ट बंद केलेले आणि आतून आडवा आधार दिलेले बंद खोके नवशिक्यालाही जमते.

वायरीवर पैसे घालवू नयेत. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. पाच मीटर जाण्याचे आणि पाच मीटर येण्याचे मिळून ०.१२ ओहम होतात, आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे ते नगण्य आहेत.

चित्राच्या बाबतीत पहिला निर्णय पाहण्याच्या वेळेचा आहे. दिवसा किंवा दिवे लावून पाहणाऱ्यांनी टीव्हीच घ्यावा. प्रोजेक्टर काळा रंग पाठवू शकत नाही, पडद्यावर पडलेला खोलीतला प्रकाश हाच त्याचा काळा. रात्री पाहणाऱ्यांसाठी हिशेब असा : चित्रपटगृहातील डिजिटल प्रक्षेपणात पांढऱ्याची तेजस्विता प्रति चौरस मीटर ४८ कँडेला ठेवण्याचे मानक आहे. साध्या मॅट पांढऱ्या पृष्ठभागावर तेवढी मिळवण्यासाठी ८० इंची चित्राला सुमारे २७० आणि १०० इंचीला सुमारे ४१५ ल्युमेन (प्रोजेक्टरच्या एकूण प्रकाशाचे एकक) पुरतात. मात्र हे ल्युमेन एएनएसआय या अमेरिकन मानक संस्थेच्या पद्धतीने मोजलेले असले पाहिजेत. जाहिरातीत नुसतेच ‘९००० ल्युमेन’ लिहिले असेल आणि एएनएसआयचा उल्लेख नसेल, तर तो आकडा विचारात घेऊ नये. पुट्टीने सपाट करून मॅट पांढरा रंग दिलेली भिंत पडद्याचे काम उत्तम करते. पडद्यालगतच्या भिंतींना आणि छताला तीन-चार फुटांपर्यंत गडद मॅट रंग दिला की चित्राचा प्रकाश भिंतींवरून परतून चित्रच फिके करण्याचे थांबते. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचे चित्र, हवे की नको याचाही अंदाज बांधता येतो. निरोगी डोळ्याला नऊ फुटांवरून साधारण ०.८ मिलिमीटरहून लहान तपशील वेगळा दिसत नाही. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेथे फोर-केसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. १०० इंची चित्रात तोच ठिपका १.१५ मिलिमीटरचा होतो आणि तेथे फरक दिसतो.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. वर सांगितलेली पॅनेल खोलीच्या आतला ध्वनी सुधारतात, बाहेर जाणारा फारसा अडवत नाहीत. ध्वनी अडवायला वजन लागते आणि भिंतीचे वजन दुप्पट केले तरी अडथळा वाढतो तो जेमतेम ६ डेसिबलने, आणि खर्ज तर मुळातच कमी अडतो. फ्लॅटमध्ये आधी दाराखालची फट रबरी पट्टीने आणि खिडकीच्या फटी सीलंटने बुजवाव्यात, कारण लहानशा फटीतूनही बराच ध्वनी निसटतो. सबवूफर थेट टाइलवर न ठेवता जाड रबरी पॅडवर ठेवावा, म्हणजे स्लॅबमधून खालच्या घरात उतरणारी कंपने कमी होतील. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पहिल्याच आठवड्यात एकाने चित्रपट लावून बसावे आणि दुसऱ्याने जिन्यात व, त्यांची परवानगी घेऊन, खालच्या मजल्यावरच्या घरात जाऊन ऐकावे, आणि रात्रीसाठी सबवूफरची पातळी कोठवर आणायची त्याची खूण नॉबवर पेनाने करून ठेवावी.