कॅनू-भ्रमंती, तलावसाखळीतील

कॅनू-भ्रमंती : एकमेकांलगतच्या सरोवरांतून लांबट, हलक्या नावेने अनेक दिवस चालणारा मुक्कामी प्रवास. शिधा, तंबू, अंथरूण सारे नावेतच असते. रात्र काठावर काढायची आणि दोन सरोवरांमधली जमीन आडवी आली की नाव खांद्यावर घेऊन ती पायी ओलांडायची; याला ‘पोर्टेज’ म्हणतात. ‘कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी’ ही म्हण इथे दिवसातून चार-पाच वेळा खरी होते. हा प्रकार मूळचा उत्तर अमेरिकेतला. विदर्भात तो रुजलेला नाही. मात्र पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तलावांची साखळी आहे, लाकडात कोरलेला डोंगा आहे आणि पाणी व खांदा या दोन्हींवर पोट भरत आलेला ढिवर समाजही आहे. म्हणून या नोंदीत दोन्ही प्रदेशांचा विचार केला आहे.

उगम : कॅनडियन शील्ड या प्राचीन खडकाळ प्रदेशावरून हिमयुगात बर्फाचे जाड थर सरकले आणि त्यांनी खडक खरवडला. बर्फ वितळल्यावर त्या खळग्यांत हजारो सरोवरे साचली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात असलेल्या बाउंडरी वॉटर्स या संरक्षित रानात एक हजाराहून अधिक सरोवरे आहेत. सीमेपलीकडे कॅनडात क्वेटिको हे उद्यान त्याला लागूनच आहे, तर ॲल्गॉन्क्विन हे १८९३ मध्ये स्थापन झालेले उद्यान आणखी पूर्वेला आहे. या भागातले जुने रहिवासी अनिशिनाबे (ओजिब्वे) लोक भूर्जाच्या सालीची नाव बांधत. आतल्या फासळ्या सीडरच्या, शिवण स्प्रूसच्या मुळ्यांची आणि सांधे त्याच झाडाच्या डिंकाने बुजवलेले. अशी नाव वाटेत फुटली तरी रानातल्या रानातच दुरुस्त होई. फरच्या व्यापारात उतरलेल्या युरोपीय कंपन्यांनी हीच नाव आणि याच वाटा उचलल्या. त्यांचे फ्रेंच-कॅनडियन नावाडी, ‘व्हॉयाजर’, प्रत्येकी सुमारे ४० किलोंची दोन गाठोडी एका खेपेला पाठीवर घेत. पिजन नदीचे धबधबे टाळून जाणारी ‘ग्रँड पोर्टेज’ ही पायवाट साडेआठ मैलांची, म्हणजे जवळजवळ १४ किलोमीटरची आहे. ओझ्यासह ती किती लांब वाटत असेल, हे कावड वाहिलेल्या माणसालाच कळेल.

बाउंडरी वॉटर्सला १९६४ च्या रानसंरक्षण कायद्याने संरक्षण मिळाले. १९७८ च्या कायद्याने तिथली लाकूडतोड थांबली आणि यांत्रिक नावांवर कडक मर्यादा आल्या. तिथे एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार नावा चालतात. मुक्कामासाठी परवाना लागतो. पत्र्याचे डबे व काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत.

नाव आणि चाल : आजची कॅनू साधारण पाच मीटर लांब असते. ॲल्युमिनियमची नाव ३० किलोंच्या पुढे भरते, केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची २० किलोंच्या आसपास. पुढचा माणूस वेग देतो, मागचा दिशा सांभाळतो. एकाच बाजूने वल्हवत राहिले तर नाव दुसऱ्या बाजूला वळू लागते. म्हणून मागचा वल्हेकरी प्रत्येक फटक्याच्या शेवटी पाते किंचित वळवून पाणी बाहेर ढकलतो. नावेच्या मध्यावरच्या आडव्या दांड्याला खांद्यासाठी खोबण असते आणि तिकडे तिला बैलांच्या मानेवरच्या जूचेच नाव आहे. जमिनीवरचे अंतर ‘रॉड’मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका नावेची लांबी.

झाडीपट्टीतील तलावसाखळी : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. मालगुजार म्हणजे पूर्वी सारा वसूल करणारे गावाचे जमीनदार; ‘माजी मालगुजारी’चे बोलण्यात ‘मामा तलाव’ होते. उत्तरेकडची सरोवरे बर्फाने कोरली, ही माणसांनी बांधली. बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव सर्वांत पुढे आहे. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा गोंड राजांचा शब्द होता, असे परंपरा सांगते.

या कामात एकट्या तलावाचा विचार नव्हता, सगळ्या उताराचा होता. वर लहान बोड्या, खाली गावतलाव, त्याखाली आणखी मोठा तलाव. वरचा भरला की सांडव्यावरून पडणारे पाणी खालच्याच्या पोटात जाते. शेवटी ते नाल्याने चुलबंद, गाढवी अशा नद्यांना मिळते आणि तिथून वैनगंगेला. पाळीतल्या (तलावाच्या बांधातल्या) तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीची, भोके वरून खाली एकेक उघडत जायची आणि पाणी पाटाने धानाला द्यायचे. वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस उतारावरून वाहून जाण्याआधी टप्प्याटप्प्याने थांबवायचा, हे त्यामागचे गणित. नकाशावर पाहिले तर ही साखळी बाउंडरी वॉटर्ससारखीच दिसते, निळ्या ठिपक्यांची माळ.

फरक दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत आहे. तिकडे मध्ये खडक आणि पाइनचे रान असते, इथे धानाच्या बांध्या असतात. सांडवे वाहतात त्या श्रावण-भाद्रपदात रोवणी नुकतीच झालेली असते. नाव खांद्यावर घेऊन एका तलावातून दुसऱ्याकडे निघाले तर पाय कुणाच्या तरी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), नाहीतर रोपांवरच पडणार. गोंदिया जिल्ह्यात याच दिवसांत याच बांध्यांमध्ये सारस क्रौंच घरटी करतात. राज्यातले सारस आज मुख्यतः या एकाच जिल्ह्यात उरले आहेत. त्यामुळे ‘पोर्टेज’ ही कल्पना जशीच्या तशी इथे आणू नये, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. नाव ज्या तलावाची त्या तलावातच राहावी. माणसाने पाठीवर शिधा-अंथरूण घेऊन पाळीपाळीने चालत पुढच्या तलावावर जावे आणि तिथल्या डोंग्यात बसावे.

डोंगा आणि ढिवर : डोंगा म्हणजे जाड खोड पोखरून केलेली नाव. तो जड असतो, त्यामुळे खांद्यावर घेण्याचा प्रश्नच येत नाही. तळ उथळ असल्याने मात्र कमळवेलींतून आणि गवतातून तो सहज सरकतो. खोल पाण्यात वल्हे, उथळात बांबू. ढिवर, केवट, भोई, कहार या समाजांचे आयुष्य मासोळी, शिंगाडा आणि कमळकांद्यावर चालत आले आहे. पालखी आणि कावड वाहण्याचे कामही यांच्याकडेच होते. कॅनूच्या प्रवासाला लागणारी दोन्ही कसबे, म्हणजे पाण्यावरचा हात आणि जमिनीवरचा खांदा, इथे एकाच माणसाकडे होती. फक्त त्याने ती हौसेसाठी कधी वापरली नाहीत, आणि त्या खांद्याला मानही क्वचितच मिळाला.

मध्य प्रांतातील मालगुजारी १९५० च्या कायद्यानुसार १९५१ मध्ये संपली आणि तलाव शासनाकडे गेले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे. मासेमारीचा ठेका साधारणतः मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गावकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे रोजच्या गरजांसाठी पाणी वापरण्याचे हक्क, त्याहून जुने. म्हणजे एका पाण्यावर खाते, संस्था, शेतकरी आणि गाव अशा चौघांचा शब्द चालतो. उत्तर अमेरिकेत या प्रवासाचे आकर्षण ‘निर्जन रान’ हे सांगितले जाते. खरे तर तेही पूर्ण निर्जन कधी नव्हते, अनिशिनाबे तिथे होते आणि आहेत. झाडीपट्टीत तर निर्जन तलाव हा शब्दप्रयोगच चुकीचा ठरेल. पाण्यात पहाटे अंथरलेली जाळी असतात, काठाला शिंगाड्याची वेल लावलेली असते, पाळीवर गावाचा देव असतो. इथे फिरणारा माणूस पाहुणा असतो आणि त्याने तसेच वागावे. जाळ्यावरून नाव नेऊ नये, शिंगाड्यात वल्हे घालू नये आणि संस्थेच्या अध्यक्षांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

नवेगावबांध आणि परिसर : या साखळीतला सर्वांत नामांकित तलाव नवेगावबांध (गोंदिया जिल्हा). तो बांधण्याचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. पुढे ते कोलासूर या नावाने देवत्वाला पोहोचले. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या मध्ये पसरलेल्या या तलावाचे क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. हिवाळ्यात इथे पट्टकादंब व तलवार बदके उतरतात. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय प्रवेश नाही, मग काठावर तंबू ठोकणे दूरच. दक्षिणेकडे गाढवी नदीवर इटियाडोह धरणाचा मोठा जलाशय आहे. त्याच्या परिसरात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. नागझिऱ्याकडे बोदलकसा व चोरखमारा, नागभीडजवळ घोडाझरी, सावलीकडे आसोलामेंढा हे इतर मोठे तलाव.

ऋतू व धोके : योग्य काळ कार्तिक ते माघ. तेव्हा तलाव भरलेले असतात, धान कापून झालेला असतो, धुऱ्यांवरून चालता येते. पावसाळ्याच्या तोंडी विजांचा धोका मोठा असतो. पाण्यातली नाव ही त्या वेळी सर्वांत वाईट जागा. उघड्या पाण्यात वारा सुटला की काठाकाठानेच जावे, हा नियम दोन्ही खंडांत सारखा आहे. धरणांच्या बुडीत क्षेत्रात पाण्याखालच्या खोडांपासून सावध राहावे लागते. तिकडे अन्नाची पिशवी काळ्या अस्वलांपासून जपतात, इकडे मोह गळू लागला की अस्वले पहाटे झाडाखाली येतात, तेव्हा मोहाखाली मुक्काम करू नये. ताडोबाच्या तलावात मगरी आहेत. तरंगण्याचे जाकीट पोहता येणाऱ्यानेही घालावे. डोंगा एका अंगाला कलला तर पाणी घ्यायला वेळ लागत नाही.

आजची स्थिती : अनेक मामा तलावांत गाळ साचला आहे आणि काठ बेशरम या झपाट्याने पसरणाऱ्या परक्या झुडपाने भरले आहेत. बेशरम माजली की देशी पाणवनस्पती जातात, त्यांच्या आधाराने वाढणारी देशी मासोळी कमी होते आणि डोंगा काठाला लागत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांना सोबत घेऊन काही तलावांतली बेशरम उपटली आणि त्या जागी देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या मासोळीला लागते, हे ज्ञान त्या कामात ढिवरांकडूनच आले.