‘मणक्यात गॅप’ आणि पाठदुखीची कारणे : पार्श्वभूमी

पाठीत उसण भरणे, चमक मारणे, कंबर धरणे ही सारी दुखण्याची नावे आहेत; त्यामागचे कारण त्यांतून कळत नाही. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेला आयुर्वेदाने गृध्रसी म्हटले आणि तिला वातविकारांत बसवले. मणका खचून कुबड येणे आणि पाय लुळे पडणे यांचा संबंध लंडनमधील एका शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये मांडला. त्यामागे क्षयरोग आहे, हे त्याचा जंतू १८८२ मध्ये सापडल्यानंतर निश्चित झाले.

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढे मणके फिल्मवर दिसू लागले. दोन मणक्यांमधली गादी मात्र साध्या एक्स-रेवर उमटत नाही, तिथे केवळ मोकळी जागा दिसते. मज्जातंतूवर दाब देणारा उंचवटा शस्त्रक्रियेत सापडला, तर तो बराच काळ कूर्चेची गाठ समजला जाई. तो फाटलेल्या गादीचाच बाहेर आलेला भाग असतो, हे बोस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये दाखवले आणि ‘स्लिप डिस्क’ हा शब्द रूढ झाला. वास्तविक गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. ती फुगते किंवा फाटते, पण सरकत नाही. सरकतो तो कधीकधी मणका, आणि तो विकारच वेगळा.

आपल्याकडे याहून मोठा घोळ ‘गॅप’ने घातला. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ‘चौथ्या-पाचव्यात गॅप आहे’ असे सांगितले जाते आणि रुग्ण समजतो की मणके एकमेकांपासून दूर गेले. अहवालात नेमके उलटे असते : गादी झिजून मणक्यांमधले अंतर कमी झालेले असते. गंमत अशी, की गॅप वाढली असे मानणारा हाच रुग्ण वजने लावून मणके ताणण्याचा उपचार मुकाट्याने घेतो.

एमआरआयमुळे गादी स्पष्ट दिसू लागली, पण गोंधळ मिटला नाही. पाठदुखी नसलेल्या ९८ जणांच्या कमरेच्या एमआरआयचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५२ टक्के लोकांत निदान एक गादी फुगलेली होती आणि सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने सुचवले, की धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या महिन्यात अशा तपासण्या करू नयेत. ताप, विनाकारण घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, लघवीवरचा ताबा जाणे ही ती लक्षणे. काही मणकाशल्यविशारदांना ही सूचना इतकी झोंबली, की संस्थेचा निधीच बंद करण्याची मागणी झाली. १९९६ मध्ये संस्थेने अशा सूचनावली काढणे थांबवले. सूचना मात्र योग्य होती, असे नंतरच्या अनुभवावरून म्हणावे लागते.

भारतात ही लक्षणे वाचताना मणक्याचा क्षयरोग आधी आठवावा लागतो. मुतखडा, स्वादुपिंडाचा दाह, फुगलेली महाधमनी यांची कळही पाठीत येते, आणि तिथे मणक्याची फिल्म शोधून काहीच हाती लागत नाही. सर्वाधिक उशीर होतो तो सांध्यांच्या दाहातून येणाऱ्या पाठदुखीच्या निदानाला. एचएलए-बी२७ या जनुकाशी तिचे नाते १९७३ मध्येच उघड झाले होते, तरी एक्स-रेवर बदल दिसायला कित्येक वर्षे लागू शकतात. पंचविशीतला तरुण पहाटे आखडलेल्या कमरेने उठतो, हिंडू-फिरू लागला की मोकळा होतो आणि पडून राहिला की पुन्हा आखडतो. त्यालाही ‘गॅप’ सांगून पट्टा आणि सक्तीची विश्रांती दिली जाते.