समलिंगी विवाहहक्क चळवळ, पुणे

दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या सहजीवनाला कायद्याने विवाह म्हणून मान्यता मिळावी, यासाठी पुण्यात सुरू असलेले प्रबोधन आणि पाठपुरावा. लग्न कुणी कुणाशी करायचे, ते कुणी लावायचे, हा वाद पुण्याला नवा नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजींविना पहिला सत्यशोधक विवाह लागला, तर १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले. ही मागणी याच परंपरेत बसते.

समलिंगी हक्कांसाठी काम करणारे बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. लैंगिक आरोग्य, समुपदेशन आणि मुख्य म्हणजे मराठीतून लेखन हे त्यांचे काम. आईवडिलांशी बोलायला मुलांना मराठीत मजकूरच मिळत नव्हता, हे लक्षात घेतले तर या लेखनाचे मोल कळते. ११ डिसेंबर २०११ रोजी शहरात पहिली प्राईड पदयात्रा, म्हणजे समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांची अभिमानयात्रा, निघाली. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालामुळे मिळालेला २००९ ते २०१३ हा काळ सोडला, तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ नुसार असे संबंध गुन्हाच होते. त्यामुळे लग्नाची मागणी जोरात पुढे आली ती त्यानंतर.

नोंदणी विवाहाचा विशेष विवाह कायदा, १९५४ पुरुषाचे किमान वय २१ आणि स्त्रीचे १८ सांगतो, म्हणजे जोडपे स्त्री-पुरुषांचेच धरतो; अडचण तिथेच आहे. पुणे जिल्ह्यातील बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत या कायद्याच्या दुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले. ते कायद्यात उतरले नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे एकमताने सांगितले आणि निर्णय संसदेवर सोपवला. नागरी सहजीवनाला, म्हणजे विवाह न म्हणता जोडप्याच्या नात्याला, कायदेशीर मान्यता देण्याचा मुद्दा ३ विरुद्ध २ असा फेटाळला गेला. या निकालाच्या फेरविचारासाठीच्या पुनर्विलोकन याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये नामंजूर झाल्या.

विवाहाचा दाखला नसेल तर काय अडते, हे रोजच्या व्यवहारात कळते. मृत्युपत्र नसताना जोडीदार गेला, तर घर आणि ठेवी रक्ताच्या नातेवाइकांकडे जातात, मग संसार वीस वर्षांचा का असेना. बँकेत नॉमिनी म्हणून नाव लावता येते, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. म्हणून नोंदणीकृत मृत्युपत्र, मुखत्यारपत्र आणि घराची संयुक्त खरेदी हे उपाय करावे लागतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजारावरील उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमता येतो, तो नातेवाईकच हवा असे नाही. संयुक्त बँक खात्याला आडकाठी नसल्याचे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. हे सारे जमवायला पैसा आणि वकील लागतो. ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत, त्यांची परवड अधिक होते. कुटुंब निवृत्तिवेतन आणि जोडप्याने मिळून मूल दत्तक घेणे या गोष्टी तर कुठल्याच करारपत्राने साधत नाहीत. विवाहाचाच आग्रह धरण्यामागे हे ठोस कारण आहे.