तार गेटपर्यंत आली, वर्गाचं काय?

कॅम्पसचं नेटवर्क आणि वर्गांमधली व्हिडिओ यंत्रणा एकत्रच बदलायची, अशी कामं सध्या अनेक विद्यापीठांत निघतात. निविदेत दोन्ही शेजारी शेजारी बघितली की ही पहिल्यापासून एका घरातली भावंडं असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात आपल्याकडे चित्र आलं आकाशातून आणि डेटा आला तारेतून. त्यांची खाती वेगळी, पैसा वेगळा, सांभाळणारी माणसंही वेगळी. सुमारे तीस वर्षं दोघं आपापल्या वाटेनं चालले, आणि आज जे अडतं त्यातलं बरंचसं त्या वेगळेपणातून आलेलं आहे.

चित्राची गोष्ट जुनी आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' हा उपग्रहावरून शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, आणि गावात सामाईक टीव्ही संच. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण उपग्रहावरून शिकवता येतं हा विश्वास तिथे बसला. १९८३ च्या ऑगस्टअखेर आपला इन्सॅट-१बी उपग्रह गेला आणि पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला. त्या वेळी आयोगाच्या अध्यक्षपदी डॉ. माधुरी शाह होत्या, एसएनडीटीच्या माजी कुलगुरू. कार्यक्रम तयार करायला काही विद्यापीठांत माध्यम केंद्रं उभी राहिली. पुणे विद्यापीठातलं असं केंद्र, ईएमआरसी, सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक.

या केंद्रांचं मला मनापासून अप्रूप वाटतं. मोठ्या शहरांपलीकडच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना चांगलं व्याख्यान ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी विद्यापीठाच्या आवारात स्टुडिओ बांधले गेले. यू-मॅटिकच्या जाडजूड कॅसेटवर चित्रीकरण व्हायचं. कॅसेट दिल्लीला जायची, तिथे निरनिराळ्या केंद्रांचे कार्यक्रम जोडून तासाभराचा संच व्हायचा आणि तो उपग्रहावरून देशभर दिसायचा. वाट मात्र एकेरी होती. बघणाऱ्याला हात वर करता येत नव्हता. शिवाय प्रसारण दिवसाउजेडी, म्हणजे विद्यार्थी नेमका कॉलेजात असताना, आणि कॉलेजच्या वर्गात टीव्ही कुठून असणार?

तारेची गोष्ट १९८६ ची. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं 'अर्नेट' हे जाळं सुरू केलं. पहिल्या आठ संस्थांत पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, मुंबईत जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि खुद्द तो विभाग. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८७ मध्ये साध्या फोन लाइनवरून ई-मेल सुरू झाली. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला जाणारी लीज लाइन, म्हणजे भाड्यानं घेतलेली कायमची लाइन, मिळाली, वेग ९.६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९.६ किलोबिट. एक एमबीचा शोधनिबंध आणायला या वेगानं चौदा मिनिटांच्या वर लागतील, तेही ती लाइन पूर्ण तुम्हाला एकट्याला मिळाली तर. आणि ती एका माणसाची नव्हती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलकडून. म्हणजे या क्षेत्रात आपले संशोधक सहा वर्षं पुढे होते. एनसीएसटीचे डॉ. श्रीनिवासन रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुहूत केलेलं हे काम मराठी वाचकाला फारसं माहीत नाही, याची मला खंत आहे. पुण्यात हाच धागा आयुकामार्फत आला. विद्यापीठाच्या आवारातली ती खगोलशास्त्राची संस्था अर्नेटचं पुण्यातलं केंद्र होती.

बाकी विद्यापीठांत तेव्हा काय होतं? एखादी संगणक लॅब आणि काळी, गोल, कोएक्सियल केबल. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माळेसारखी जाणारी, प्रत्येकामागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड, दोन्ही टोकांना पन्नास ओहमचं टर्मिनेटर. कुणाच्या पायाचा धक्का लागून एक जोड सैल झाला की अख्खी लॅब बंद. माझ्या कॉलेजात आमचे लॅब असिस्टंट टेबलाखाली शिरून एकेक जोड हातानं चाचपत जायचे. दोष सापडला की तिथूनच ओरडायचे, "आता बघा रे!" बाहेरची लाइन कशीही असो, आतली तार नीट नसेल तर काही उपयोग नाही, हे मी तिथे शिकलो.

विद्यापीठांना एका जाळ्यात आणण्याचा गंभीर प्रयत्न विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'यूजीसी-इन्फोनेट'चा. डिसेंबर २००२ मध्ये तो जाहीर झाला. अर्नेटनं जोडणी द्यायची, ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या गांधीनगरच्या केंद्रानं ई-जर्नल्स. २००४ पासून ही जर्नल्स विद्यापीठांना मिळू लागली. ग्रंथालयासाठी हा फार मोठा बदल होता. पण तेव्हाचा वेग केबीपीएसमध्ये किंवा फार तर दोन-एक एमबीपीएसमध्ये मोजायचा. त्यातून निबंध वाचता येत, व्हिडिओ नाही.

म्हणून चित्र पुन्हा आकाशातच गेलं. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एड्युसॅट गेला, फक्त शिक्षणासाठी असलेला आपला पहिला उपग्रह. त्याआधीची चाचणी इन्सॅट-३बी वरून झाली होती, आणि तिच्यासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं. आता काही केंद्रांतून विद्यार्थ्याला उलट प्रश्न विचारता येऊ लागला. ज्या शहरी संस्थांना परवडलं त्यांनी आयएसडीएन, म्हणजे डिजिटल फोन लाइन, घेतली. ६४ केबीपीएसच्या सहा वाहिन्या एकत्र करून ३८४ केबीपीएसचा व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यासाठी वेगळी खोली, चित्र-आवाज दाबून लाइनवर पाठवणारं कोडेक नावाचं वेगळं यंत्र, आणि खोलीची किल्ली एकाच माणसाकडे. आपल्याकडे 'व्हीसी रूम', म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची खोली, या नावाची कायम कुलूपबंद खोली अनेक ठिकाणी दिसते, तिचा जन्म या काळातला.

दोन वाटा खऱ्या अर्थानं एकत्र आल्या त्या देशभरच्या संस्थांना फायबरनं जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यामुळे, म्हणजे एनकेएनमुळे. एप्रिल २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. मार्च २०१० मध्ये केंद्रानं दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपये मंजूर केले, लक्ष्य दीड हजार संस्थांचं. सोबतच्या, माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून विद्यापीठाला एक जीबीपीएसची जोडणी आणि कॉलेजला ५१२ केबीपीएसच्या वीस जोडण्या, अशी योजना होती. याच बळावर आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांनी दूरस्थ कार्यशाळा भरवल्या. आधी एका वेळी हजार शिक्षक, मग दहा हजार. देशभरच्या केंद्रांत बसलेले शिक्षक पवईतल्या प्राध्यापकाला थेट प्रश्न विचारत होते. माझ्या मते १९८४ चं अपुरं राहिलेलं काम इथे पूर्ण झालं.

मात्र एक जीबीपीएसची फायबर थांबली ती सर्व्हर रूमच्या रॅकपाशी. तिथून पुढचं काम विद्यापीठाचं, आणि त्याला तेवढा पैसा फारसा कुठे नव्हता. तांब्याची ईथरनेट केबल शंभर मीटरपलीकडे नेता येत नाही. जुन्या विद्यापीठांच्या इमारती शेकडो एकरांवर पसरलेल्या, म्हणजे प्रत्येक विभागापर्यंत स्वतंत्र फायबर हवी. ती टाकली तरी जिन्याखालच्या कपाटात जुना, शंभर एमबीपीएसचा स्विच बसलेला असतो. एक जीबीपीएसचा वेग तिथे दहापट घटून शंभर एमबीपीएसवर येतो, आणि दगडी भिंतीपलीकडच्या वर्गात वायफायचे दोन दांडे उरतात. भाषाशास्त्राच्या विभागाला आणि भौतिकशास्त्राच्या विभागाला मिळणाऱ्या वेगात याच कारणानं फरक पडतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे सगळं उघडं पडलं. विद्यापीठाची जाड लाइन रिकाम्या आवारात पडून, आणि प्राध्यापक घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वर्ग घेत होते. त्यांना समोरचं नीट दिसत होतं, पण त्यांनी पाठवलेलं अडकत होतं, कारण घरगुती जोडण्यांत डाउनलोडला दिलेला वेग अपलोडला नसतो. कॅम्पस उघडल्यावर निम्मी मुलं वर्गात, निम्मी पडद्यावर. फळा दिसत नाही, मागच्या बाकावरचा प्रश्न घरच्या मुलीला ऐकू येत नाही. कॅमेरा मिळतो पटकन. अडचण होते ती आवाजाची.

म्हणून आताच्या कामांत व्हिडिओचा वेगळा कोडेक आणि वेगळी खोली जाऊन कॅमेरा, माइक, प्रोजेक्टर सगळं नेटवर्कवरच येतंय. फिरणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्याला वीजही त्याच केबलमधून मिळते. त्यासाठी स्विच तशी वीज देणारा हवा, त्यामागे यूपीएस हवा, आणि व्हिडिओला बाकीच्या वाहतुकीपासून वेगळी वाट काढून द्यावी लागते. ज्या विद्यापीठांत माध्यम केंद्र आणि संगणक केंद्र अजून दोन वेगळ्या फायलींवर चालतात, तिथे छतावर कॅमेरा बसतो आणि शेजारी केबल जोडायला नेटवर्कचा पोर्ट नसतो. मग भिंतीवरून पांढरी पट्टी ठोकत एक केबल दारातून बाहेर, जिन्याखालच्या त्याच जुन्या स्विचकडे जाते.