बूस्ट सोलेनॉइड आणि आयसोलेटर सोलेनॉइड: डबे सारखे, कामं वेगळी

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीच्या, बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडलं की बऱ्याच गाड्यांमध्ये दोन डबे शेजारी शेजारी बसवलेले दिसतात. मुठीएवढे, दोन्ही अंगांना जाड बोल्ट, मध्ये कॉइलचे दोन बारीक स्क्रू. हे सोलेनॉइड, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आतून जोडले जाणारे जाड स्विच: एक बूस्टचा, दुसरा आयसोलेटरचा. दोघंही इंजिनाची बॅटरी आणि हाउस बॅटरी (राहण्याच्या भागातले दिवे-पंखे चालवणारी) एकमेकींना जोडतात, म्हणूनच एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. माझ्या हातून हेच झालं आणि एक धडधाकट सोलेनॉइड मी उगाच बदलला.

बूस्ट हा अडीअडचणीचा सोबती. इंजिनाची बॅटरी उतरली, सेल्फ मारला तर नुसतं ‘टक’ होतं, अशा वेळी डॅशबोर्डवरचं बटण दाबून धरायचं. बटण दाबलेलं असेल तोवरच हाउस बॅटरी मदतीला येते. काम काही सेकंदांचं, पण भार जबरदस्त: सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो, मोठं डिझेल इंजिन असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

आयसोलेटर मात्र रोजचा कामकरी. इंजिन चालू असताना अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) वीज तो हाउस बॅटरीकडे जाऊ देतो आणि इंजिन बंद झालं की दोघींना वेगळं करतो, म्हणजे रात्री दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप चालला तरी इंजिनाची बॅटरी शाबूत राहते. यातून जाणारा प्रवाह त्या मानाने कमी, पण तासन्‌तास. काही आयसोलेटर चावी फिरवली की जोडले जातात, तर काही व्होल्टेज बघून: साधारण १३.३ व्होल्टला जोडतात, १२.८ च्या खाली गेलं की तोडतात. डायोडचा आयसोलेटरही असतो. त्यात हलणारा भागच नसतो, त्यामुळे आवाज येत नाही. त्याच्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून बूस्टचं काम त्याच्याकडून कधीच होणार नाही. शिवाय वाटेत तो साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो.

आता माझ्या गाडीत काय झालं ते सांगतो. पायरीवरचा दिवा रात्रभर राहिला आणि इंजिनाची बॅटरी उतरली. बूस्टचं बटण दाबलं, सोलेनॉइडने खट्‌ केलं, सेल्फने ‘टक’ केलं आणि पुढे काही नाही. मी बूस्टचा सोलेनॉइड बदलला. नवाही खट्‌ म्हणाला, सेल्फ पुन्हा ‘टक’. तेव्हा कुठे हाउस बॅटरीला मीटर लावला: ११.९ व्होल्ट. आदल्या दिवशी पाच तास गाडी चालवली होती! भरलेली बॅटरी विसाव्यात १२.६ च्या पुढे असते, १२.२ ला ती निम्म्यावर येते आणि ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. पाच तासांत तिच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. बूस्ट काय करणार? जिच्याकडून उसनं घ्यायचं तिचीच पेटी रिकामी.

दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून इंजिन सुरू केलं आणि आयसोलेटरचे दोन्ही जाड बोल्ट जमिनीच्या, म्हणजे चॅसिसच्या तुलनेत मोजले. एका बाजूला १४.२, दुसऱ्या बाजूला १२.१. आणि हा सोलेनॉइडही रोज चावी फिरवल्यावर इमानदारीत खट्‌ करायचा. त्या आवाजावर मी विश्वास ठेवून बसलो होतो. तो आवाज फक्त एवढंच सांगतो की कॉइलला वीज मिळाली आणि आतला दांडा हलला. दांड्याच्या टोकाची तांब्याची चकती बोल्टांना नीट टेकली की नाही, हे त्या आवाजातून कळत नाही. नंतर जुना डबा कापून पाहिला तर चकतीच्या कडा काळ्या पडलेल्या आणि खवल्याखवल्यांच्या होत्या, जळलेल्या तव्यासारख्या. बूस्टच्या बाबतीत असा खराब कॉन्टॅक्ट आणखी महागात पडतो. फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच अडकतात आणि ४०० वॉटची उष्णता त्या छोट्या डब्यात निघते.

मोजताना एक चकवा आहे, तो जरा नीट समजून घ्या. दोन जाड बोल्टांच्या मध्ये मीटर लावला आणि शून्य दिसलं, तर सोलेनॉइड जोडला गेलाय असं वाटतं. पण दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज सारखंच असेल तर उघड्या कॉन्टॅक्टवरही शून्यच दिसेल. म्हणून आधी दोन्ही बाजू जमिनीशी वेगवेगळ्या मोजा आणि खरा निकाल भाराखाली घ्या: एकाने बटण दाबून सेल्फ मारायचा, दुसऱ्याने बोल्टांमधला फरक बघायचा. ०.२–०.३ व्होल्टपर्यंत ठीक, त्याहून बराच जास्त असेल तर सोलेनॉइड किंवा त्याचे लग्ज (वायरींच्या टोकांच्या धातूच्या कड्या) गुन्हेगार. त्याच वेळी हाउस बॅटरीवर नजर ठेवा. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली कोसळत असेल तर दोष तिचाच. बोल्टच्या नटाखाली हिरवट-पांढरे क्षार धरले असतील तर पार्ट मागवण्याआधी ते घासून, नट आवळून परत मोजा.

बटण दाबून खट्‌ही होत नसेल, तर शोध वेगळ्या वाटेने करायचा. बटणाला वीज कोणत्या बॅटरीकडून येते? काही गाड्यांत ती इंजिनाच्या बॅटरीकडून घेतलेली असते. ती बॅटरी पार मेलेली असेल तर मदतीला बोलावणारी घंटाच वाजणार नाही. माझ्या मते ही मांडणीच चुकीची आहे. बटणाचा फीड फ्यूजमधून हाउस बॅटरीवर घ्यावा. बटणापर्यंतच्या बॅटरीत दम असूनही खट्‌ होत नसेल तर फ्यूज, बटण आणि कॉइलच्या बारीक स्क्रूंवर येणारे व्होल्ट, या क्रमाने बघत जायचं.

काही गाड्यांत एकच सोलेनॉइड दोन्ही कामं करतो. तिथे बूस्टही गेलं आणि प्रवासात हाउस बॅटरीही भरत नाही, अशी जोडतक्रार आली की संशय सरळ त्या एका डब्यावर.

आता बदलायची वेळ आली तर. दिसायला सारखे असले तरी हे दोन डबे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बूस्टसाठी थोडा वेळ चालणारा सोलेनॉइड पुरतो, पण आयसोलेटरला सतत चालणाराच हवा. ओळखायचं कसं? कॉइलचे स्क्रू सुटे करून ओहम मोजा. सतत चालणाऱ्याचा आकडा साधारण १५ च्या आसपास येतो, थोड्या वेळाच्या सोलेनॉइडचा ३ ते ५. मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल, पण फरक लपत नाही. ४ ओहमची कॉइल १४ व्होल्टवर ठेवली तर जवळपास ५० वॉट तापते, आणि लांबच्या प्रवासात जळून जाते. दुकानात ‘बारा व्होल्टचा सोलेनॉइड द्या’ एवढंच म्हटलं तर हाच चुकीचा डबा हातात पडण्याची शक्यता असते.

डबा काढण्याआधी दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह वायरी सोडवा. एकच सोडवून भागत नाही, कारण सोलेनॉइडचा एक बोल्ट एका बॅटरीला आणि दुसरा दुसरीला कायम जोडलेला असतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना एका टोकाला बोल्टला आणि दुसऱ्या टोकाला गाडीच्या पत्र्याला टेकला की तो क्षणात लाल होतो.

हाउस बॅटरी लिथियमची केली असेल तर बूस्टचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. तिच्या आत बीएमएस म्हणून राखणदार सर्किट असतं. त्याची मर्यादा १०० अँपिअरची असेल आणि सेल्फने २०० मागितले, तर ते सरळ पुरवठा तोडतं आणि घरातले दिवेही जातात. उतरलेल्या लिथियमला साध्या आयसोलेटरवर सोडलं तर ती अल्टरनेटरला इतकं ओढते की तोच तापून बसतो. तिथे आयसोलेटर काढून डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून मोजकाच प्रवाह घेऊन बॅटरी भरणारा) बसवावा, आणि बूस्टचं बटण वापरण्याआधी बीएमएसची मर्यादा तपासून घ्यावी.