खेळणी आणि लिंगभाव

लहान मुलाला कोणती खेळणी मिळतात, कोणती नाकारली जातात आणि त्या वेळी घरचे काय बोलतात, यांचा त्याच्या लिंगभावाशी असलेला संबंध. यात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. आपण मुलगा, मुलगी की या दोहोंपलीकडचे, ही आतली जाणीव म्हणजे लिंगभाव ओळख. कपडे, खेळ, बोलणे-चालणे यांतून ती व्यक्त होणे म्हणजे अभिव्यक्ती. खेळण्यांचा प्रभाव दिसतो तो मुख्यतः दुसरीवर.

प्रौढांच्या वागण्यातला फरक मूल बोलू लागण्याआधीच सुरू होतो. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मिथ आणि लॉइड यांच्या प्रयोगात आयांना सहा महिन्यांच्या अनोळखी बाळांशी खेळायला सांगितले होते. तेच बाळ कधी मुलाच्या, तर कधी मुलीच्या नावाने आणि कपड्यांत समोर यायचे. ‘मुलगा’ समजलेल्या बाळापुढे हातोडा आधी यायचा, ‘मुलगी’ समजलेल्या बाळापुढे बाहुली. हातपाय हलवायला प्रोत्साहनही ‘मुलाला’च जास्त मिळे. बाळाने स्वतः काहीच निवडले नव्हते. पुढे मूल ‘हे मुलांचे, हे मुलींचे’ अशी चौकट मनात बांधते आणि नवी वस्तू तिच्यात बसवून पाहते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी १९८१ मध्ये मांडले.

मात्र सगळे संगोपनावर ढकलता येत नाही. जन्मापूर्वी पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण जास्त राहिलेल्या मुली गाड्या आणि ठोकळ्यांकडे अधिक वळतात, हे १९९२ च्या एका अभ्यासात आढळले. कॅनडात मुलगा म्हणून जन्मलेल्या डेव्हिड रायमर यांना बालपणी शस्त्रक्रियेनंतर मुलगी म्हणून वाढवले गेले. ती ओळख त्यांनी कधीच स्वीकारली नाही आणि किशोरवयात ते मुलगा म्हणून जगू लागले. तेव्हा मुलाने बाहुली मागितली म्हणून त्याची ओळख बदलते, या भीतीला आधार नाही.

बाजाराने ही विभागणी जाणूनबुजून जोपासली. १९६४ मध्ये अमेरिकेत जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक विक्रीला आला, तेव्हा त्याला बाहुली न म्हणता ‘ॲक्शन फिगर’ म्हटले गेले. मुलगे बाहुली घेणार नाहीत, हा उत्पादकांचा हिशेब होता. कॅलिफोर्नियात २०२४ पासून मोठ्या दुकानांना खेळण्यांचा लिंगनिरपेक्ष विभाग ठेवावा लागतो.

बंधन दोन्हीकडे सारखे नाही. गाड्या खेळणारी मुलगी बहुधा कौतुकाचा विषय होते. बाहुलीला जोजवणारा मुलगा मात्र चिडवला जातो, विशेषतः वडिलांकडून अडवला जातो. ठोकळ्यांतून आकार, जागा आणि अंतर यांचे भान येते, तसा बाहुलीच्या खेळातून दुसऱ्याची काळजी घेण्याचा सराव होतो. तो सराव अनेक मुलग्यांना मिळतच नाही.